फार्माकोजीनोमिक्स आणि हेल्थ इन्फर्मॅटिक्स: संशोधक दिवसभर नेमकं काय करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फार्मसी शिकून झालंय, पायथन बऱ्यापैकी येतं, फार्माकोजीनोमिक्स (जनुकांनुसार औषधाचा परिणाम कसा बदलतो याचा अभ्यास) आणि हेल्थ इन्फर्मॅटिक्स (आरोग्याची माहिती संगणकावर साठवणं आणि वापरणं) यांच्या सांध्यावर संशोधन करायचंय, तर काम प्रयोगशाळेत असतं की संगणकावर? मी बरीच वर्षं यात आहे. बहुतेक वेळ संगणकापुढेच जातो, पण डोळ्यांपुढे पेशंट आणि त्याची गोळी नसेल तर ते काम फुकट आहे.

क्लोपिडोग्रेल तुम्हाला माहीत असेलच. स्टेंट बसवल्यावर गुठळी होऊ नये म्हणून देतात. पोटात जाते तेव्हा ही गोळी निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाला लावतं. हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर पेशंट नेमाने गोळी घेतो आणि तिचा परिणाम मात्र कमी पडतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१० साली माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला तो याचसाठी. कोडीन या वेदनाशामकात धोका उलट्या बाजूने येतो: सीवायपी२डी६ हे दुसरं एन्झाइम फार वेगाने चालत असेल तर त्याचं मॉर्फिन झपाट्याने होतं आणि लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो.

इथवर पुस्तकात मिळतं. खरी मेहनत जनुक वाचून झाल्यावर सुरू होते.

जनुकाच्या प्रत्येक प्रकाराला 'स्टार' क्रमांक देतात; स्टार-१ म्हणजे नेहमीसारखं काम करणारा. रिपोर्टवर दोन्ही प्रतींसाठी 'स्टार-१/स्टार-१' दिसलं की सगळे निश्चिंत होतात. पण स्टार-१ बहुतेक चाचण्यांमध्ये थेट पाहिलेला नसतोच. जे बदल शोधले त्यातला एकही सापडला नाही, म्हणून तो धरून चालतात. चाचणीत स्टार-३ तपासलाच नसेल, तर स्टार-३ असलेला माणूसही स्टार-१ म्हणून घरी जातो. त्यामुळे निकालासोबत कोणकोणते बदल तपासले याची यादी नोंदीत असलीच पाहिजे. या बाबतीत मी हट्टी आहे आणि तुम्हीही व्हा.

शिवाय निकालाचा अर्थ बदलत राहतो. सीवायपी२डी६च्या स्टार-१० या प्रकाराला, एन्झाइम किती काम करतं त्यानुसार, पूर्वी ०.५ गुण देत. दोन्ही प्रती स्टार-१० असल्या की बेरीज १, आणि सीपीआयसी या मार्गदर्शिका काढणाऱ्या गटाच्या मोजणीत तो माणूस 'नॉर्मल मेटाबोलायझर' (औषधावर नेहमीच्या वेगाने प्रक्रिया करणारा) ठरायचा. पुढे तज्ज्ञांच्या एकमताने गुण ०.२५ झाले, बेरीज ०.५, म्हणजे 'इंटरमीडिएट' (त्याहून मंद). डीएनए तोच! नोंदीत नुसतं 'नॉर्मल' लिहून ठेवलं असेल तर ही दुरुस्ती त्या माणसापर्यंत कधीच पोचत नाही.

एका ठिकाणी मी पाहिलं होतं: जनुकांचे रिपोर्ट स्कॅन करून 'इतर कागदपत्रे' या कप्प्यात ठेवलेले. पैसे मोजून केलेली चाचणी, निकाल अचूक, आणि औषध लिहिताना संगणकाला त्याचा पत्ताही नाही. मग डॉक्टरांना तरी कसा लागणार? ते बघून मला फार वाईट वाटलं होतं. इन्फर्मॅटिक्सचं काम इथे आहे: निकाल सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात साठवायचा आणि नेमकं ते औषध लिहिलं जातंय त्याच क्षणी सूचना द्यायची. प्रत्येक पानावर इशारे येऊ लागले की डॉक्टर न वाचता बंद करतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं. सूचना शहाणीही हवी. पेशंट पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध घेत असेल तर ते सीवायपी२डी६ला जवळपास बंदच पाडतं; म्हणजे जनुक चांगलं असूनही एन्झाइम काम करत नाही. नुसता डीएनए बघणारी यंत्रणा इथे चुकते.

प्रयोगशाळेचं म्हणाल तर पिपेट हातात धरायला शिकून घ्या, महिनाभर पुरे.

सुरुवात अशी करा. फार्मव्हार या जनुक-प्रकारांच्या डेटाबेसवरून सीवायपी२सी१९च्या स्टार प्रकारांचे तक्ते उतरवा आणि एका माणसाच्या व्हीसीएफ फाइलवरून (डीएनएमधल्या बदलांची यादी असलेली फाइल) त्याची स्टार प्रकारांची जोडी ओळखणारा छोटा प्रोग्राम स्वतः लिहा. मग फार्मकॅट हे मुक्त सॉफ्टवेअर त्याच फाइलवर चालवून उत्तरं ताडून बघा. जमलं की सीवायपी२डी६ला हात घाला. तिथे शेजारीच सीवायपी२डी७ नावाचं जवळजवळ सारखं दिसणारं निकामी जनुक आहे, आणि मूळ जनुकाच्या प्रती कुणात कमी, कुणात जास्त. तुमचा प्रोग्राम नक्की कोलमडेल. तो कुठे आणि का कोलमडला ते इथे लिहा, मी वाचून उत्तर देईन.