विमानतळांच्या नोंदींतील रिकामा ‘राज्य’ किंवा ‘शहर’ रकाना अंतरावरून कसा भरावा?

अक्षांश-रेखांश उपलब्ध असतील, तर ते अंशांतून रेडियनमध्ये (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात) बदलून आणि पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरून हॅवरसाइन सूत्राने, म्हणजे गोलावरील दोन बिंदूंमधले अंतर देणाऱ्या सूत्राने, अंतरे काढता येतात. मात्र सर्वांत जवळच्या विमानतळाची माहिती डोळे झाकून उचलू नये. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाला सर्वांत जवळचा विमानतळ मोपा, सरळ रेषेत सुमारे 45 किलोमीटरवर, पण तो गोव्यात असल्याने चिपीचे राज्यही ‘गोवा’ ठरेल. शहरांच्या यादीशी जुळवल्यास मालवण जवळचे निघते, वास्तविक चिपी वेंगुर्ले तालुक्यात आहे, आणि मधली कर्ली खाडी सूत्राला दिसत नाही. म्हणून तालुका व राज्य यांसाठी बिंदू कोणत्या हद्दीत पडतो हेच तपासावे. शहराचे नाव अंतरावरून भरलेच, तर शेजारच्या रकान्यात ते अंतरही नोंदवावे.