विंडोजशेजारी उबंटू टाकताय? आधी हे करा

लॅपटॉपवर विंडोज आधीच आहे ना, मग ते राहू द्या आणि उबंटू (विंडोजसारखीच, पण लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) नंतर टाका. उलट्या क्रमानेही जमतं, पण डोक्याला ताप. आधी फोटो आणि कामाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. यात आळस नको.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याच्या, सेटिंगला हात लागला की विंडोज तीच मागून बसतं, आणि तेव्हा ती त्याच लॅपटॉपमध्ये असून काय उपयोग!

जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा; 50 जीबी सुरुवातीला पुष्कळ. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं, मग उबंटूतून त्या ड्राइव्हवर धड लिहिता येत नाही.

पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, हाताने निवडणार असाल तर ईएफआय लिहिलेलं, शंभर-दोनशे एमबीचं छोटं पार्टिशन फॉरमॅट करू नका; विंडोज सुरू करणाऱ्या फायली त्यातच असतात. मी पहिल्यांदा ‘फालतू दिसतंय’ म्हणून नेमकं तेच पुसलं, आणि विंडोज सुरूच होईना. रात्रभर जागलो.

नंतर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. उबंटू मशिनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. उबंटूलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं.