एन्काउंटरच्या बातम्यांवर पोलीस आपसात खरं काय बोलतात?

मी कोल्हापूर जिल्हा पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. तुम्ही विचारलंय, बदलापूरसारखं प्रकरण टीव्हीवर गाजतं तेव्हा पोलिसांत काय बोलणं होतं, सगळे खूश असतात का. नाही. भांडणं होतात, आणि कडाक्याची होतात.

बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस 23 सप्टेंबर 2024 ला पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. त्या रात्री आमच्या बॅचच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. मी एवढंच टाकलं की ताब्यातला आरोपी मेला की केस मेली. लगेच एका बॅचमेटचा फोन. "मर्दा, त्याचा पुळका आलाय व्हय तुला?" पुळका मला त्या पोरींचा. त्याच्यावरचा गुन्हा कोर्टात शाबीत व्हायचा राहिला तो राहिलाच. वर जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात त्याच्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांवर ठपका आला आणि सगळी चर्चा पोलिसांभोवती फिरायला लागली.

या बॅचमेटचा आणि माझा वाद जुना आहे. आम्ही एकाच ठाण्यात असताना उपनगरात एक घरफोडी झाली. दागिने गेले, फिर्यादी बाई रडून हैराण. गुन्हा उघड करा म्हणून वरून रोज विचारणा. हा म्हणाला, रेकॉर्डवरचा अमका आणून बसवू, सकाळपर्यंत कबूल करतो का नाही बघ. करेलच की. मार खाऊन कोणीही काहीही कबूल करतो, आणि पोलिसांपुढची कबुली कोर्टात शून्य. मी ऐकलं नाही. पंचनाम्याला बसलो. कपाटाला पेचकसाच्या खुणा होत्या, त्या मोजून लिहिल्या. दागिन्यांचा स्टीलचा डबा कॉटवर उपडा पडलेला. त्याच्या झाकणाच्या आतल्या अंगाला, कडेपासून दोन बोटांवर, ठसेतज्ज्ञांना एक स्वच्छ ठसा मिळाला. तो जुळला मिरजेकडच्या भलत्याच माणसाशी. रेकॉर्डवरच्या त्या पोराचा काडीचा संबंध नव्हता.

कोर्टात दोन्ही पंच फितूर झाले. आरोपीचा वकील म्हणाला, माझा अशील त्या घरात रंगकामाला जात होता, हात लागला असेल. पण झाकणाच्या आतून? माझ्या पंचनाम्यात जागा लिहिलेली होती, तिथंच तो अडकला. शिक्षा लागली. बॅचमेट आजही म्हणतो, तुझं नशीब.

आता झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय. 1 जुलै 2024 पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, ते चित्रीकरण करून जपायला मोबाईलवर ई-साक्ष्य ॲप आहे. ठाण्यातली पोरं कुरकुरतात, रेंज नाही, काम वाढलं. माझ्या वेळी हे असतं तर त्या फितूर पंचांची मला फिकीरच नसती.

'कोर्टात काय होतंय' म्हणणाऱ्यांनी आपल्याच कोल्हापूरची केस बघावी. गावित बहिणी, लहान मुलं पळवून मारणाऱ्या. माफीचा साक्षीदार उभा केला, पुरावा लावला, 2001 मध्ये इथल्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केली. पुढं 2022 मध्ये हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली, कारण दयेच्या अर्जावर सरकारी पातळीवर सात वर्षांहून जास्त गेली. तपास कमी पडला म्हणून नव्हे.

एक सांगायचं राहिलं. आरोपी खरोखर गोळी चालवत असेल तर पोलिसानं मरावं असं मी म्हणत नाही, आणि बदलापूरच्या त्या गोळीबारात कोण दोषी ते कोर्ट ठरवील. बाकी नोकरीतल्या पोरांचं रोजचं बोलणं बहुतेक बंदोबस्त, क्वार्टर आणि रद्द झालेल्या साप्ताहिक सुट्टीवरच असतं. उघड बोलायची त्यांना मुभा नाही, म्हणून मी लिहिलं.

आणि बॅचमेट हे वाचणार, मला माहीत आहे. भावा, त्या घरफोडीत तू आणायला निघाला होतास तो पोरगा निर्दोष होता. यावर तुझं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.