चित्रकलेचे शिक्षक नाहीत, साहित्य नाही. तिसरी-चौथीला कला कशी शिकवू?

सोलापुरात नवी नेमणूक, तिसरी-चौथी एकत्र, स्वतःला चित्र येत नाही आणि शाळेत रंगही नाहीत, अशी तुमची अडचण आहे. मी याच शहरात प्राथमिकला शिकवते. माझं ऐकाल तर सुरुवात गणिताच्या चौकटीच्या वहीपासून करा.

मुलांना घरची सोलापुरी चादर आणायला सांगा. पूर्व भागातली शाळा असेल तर बऱ्याच घरांत कोणी ना कोणी यंत्रमागावर असतंच. चादरीवरची नक्षी अगदी जवळून पाहायला लावा. लांबून गोल दिसणारी मोराची मान जवळून पायऱ्यापायऱ्यांची निघते. जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात, तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. म्हणजे प्रत्येक चौकटीला एकच प्रश्न: भरायची की सोडायची? आठ वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं. आता चादर उलटवा. पुढे जो रंग नक्षीचा, तो मागे जमिनीचा (नक्षीमागच्या मोकळ्या भागाचा) झालेला असतो. मग एकाने बारा बाय बाराच्या चौकटीत नक्षी भरायची, शेजाऱ्याने तिचीच उलटी बाजू करायची. यात तुम्हाला चित्र यावंच लागत नाही, आणि मोकळी जागासुद्धा नक्षीचाच भाग असते हे मुलं हातानेच शिकतात.

फळ्यावर चित्र काढून ते उतरवायला मात्र देऊ नका. त्यातूनच दोन डोंगर आणि मधला सूर्य येतो. आपल्या शाळेच्या खिडकीतून कुठे दिसतो डोंगर? त्यापेक्षा संक्रांतीनंतर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा आठवून काढायला सांगा. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या), बाराबंदी या पारंपरिक पांढऱ्या पोशाखातली माणसं, पाळणे, गर्दी. नंदीध्वज धरणारा देवळापेक्षा मोठा येईल, तंबूच्या आतलं बाहेरून दिसेल. ते दुरुस्त करू नका. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं की या वयाचं मूल दिसतं तसं काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे आणि महत्त्वाचं वाटतं ते काढतं. तुमची पेन्सिल मुलाच्या कागदावर टेकवूच नका. त्या तासाला खोडरबरही दप्तरात राहू द्या.

साहित्याचं म्हणाल तर लग्नपत्रिकांची कोरी बाजू, भेंडीचे ठसे, मागावरचं वाया गेलेलं सूत. कागदाच्या पट्ट्या एक वर, एक खाली अशा विणल्या तरी चौथीचा एक महिना छान जातो.

पालक चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेबद्दल विचारतील. ती माध्यमिकची गोष्ट आहे, आत्ता तो विषय काढू नका. आणि आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदीत 'चित्र सुंदर काढतो' लिहिण्यापेक्षा त्याने काय ठरवलं ते लिहा: 'नक्षीचा अर्धा भाग आरशासारखा उलटवला', 'काठासाठी दोनच रंग निवडले'.