टॉम हाउसचा लांबुडका बॉल

बाळा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, फोन करणार होतो पण म्हटलं सावकाश लिहू. बेसबॉल टीममधून नाव गेलं, खांदा साथ देत नाही, आणि १४ वर्षांखालच्या पोरांना शिकवायला बोलावलंय तर तू म्हणतोस "मी कुठे मोठा पिचर होतो, मी काय शिकवणार". हे मला पटलं नाही रे.

टॉम हाउस बघ. पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा. १९७१ ते ७८ मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, डावखुरा, वेगवान बॉल अगदी साधा, सगळ्या करिअरमध्ये २९ विजय. ८ एप्रिल १९७४ ला हँक ॲरनचा विक्रमी ७१५ वा होमरन, म्हणजे सीमेपार मारलेला बॉल, बुलपेनमध्ये, राखीव पिचर्स थांबतात तिथे, यानेच झेलला, धावत जाऊन ॲरनच्या हातात दिला, बहुतेकांना खेळाडू म्हणून तो तेवढाच आठवतो. पण अंगात वेग नसला की माणूस बघायला लागतो, हात कुठून येतोय, पाय कधी टेकतोय, ताण कुठे पडतोय. ज्याला देवानेच हात दिलाय त्याला हे प्रश्न पडतच नाहीत.

१९८५ ला तो मेजर लीगच्याच टेक्सस रेंजर्स टीमचा पिचिंग कोच झाला आणि पिचर्सना चक्क अमेरिकन फुटबॉल फेकायला लावायचा, लोक हसायचे. पण तो लांबुडका बॉल हात नीट आला तरच गिरकी घेत सरळ जातो, जरा चुकला की हवेतच डगमगतो, म्हणजे कोचने ओरडायची गरजच नाही, पोराला स्वतःलाच दिसतं! रेंजर्सचा पिचर नोलन रायनने ४४ व्या वर्षी, १९९१ ला सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट दिला नाही, तेव्हा कोच हाच होता. आणि २००८ ला आपल्या उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, भालाफेक करणारी पोरं, बेसबॉल कधी हातात धरला नव्हता, त्यांनाही यानेच तयार केलं, त्याच वर्षी मेजर लीगच्या पायरेट्स टीमने दोघांना करारबद्ध केलं.

तू पहिले पंधरा दिवस कुणाला काही सुधारू नकोस. बाजूला उभा राहून नुसता पुढचा पाय बघ, वहीत लिही. पिच, म्हणजे टाकलेले बॉल, मोजायचेच, लिटल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या पोरांच्या बेसबॉलमध्ये, १३-१४ च्या पोराला दिवसाला ९५ च्या वर टाकू देत नाहीत, आणि ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी. कुणी गुपचूप कोपर चोळताना दिसला की त्या दिवशी बंद, मॅच असली तरी. मी १६ व्या वर्षी दुखणं लपवलं होतं, कुणी बघितलंच नाही, आजही उजव्या हाताने वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही मला.

शनिवारी सकाळी सातला ग्राउंडवर ये, वही घेऊन. लांबुडका बॉल मी आणतो.

तुझा सर