नावाची पट्टी नसलेला आजोबांचा जुना रोटाव्हेटर: ओळखायचा कसा आणि दुरुस्त करायचा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अंबडकडे आजोबांची मोसंबीची बाग, गोठ्यात वर्षानुवर्षं पडून असलेला हाताने धरून चालवायचा रोटाव्हेटर, दोन रबरी चाकं, पुढे आडवं डिझेल इंजिन, तेही जाम. नावाची पट्टी गायब. यंत्र कोणत्या कंपनीचं, आणि दुरुस्त करावं की भंगारात घालावं?

निदान गिअरबॉक्स उघडून पाहीपर्यंत भंगारात घालू नका. मी वसमतकडे हळदीच्या पट्ट्यात पॉवर टिलर, म्हणजे अशीच हाताने धरून चालवायची यंत्रं, दुरुस्त करतो आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे. अशा यंत्राची ओळख आणि किंमत दोन्ही गिअरबॉक्समध्ये असतात, इंजिनात नाही. आपल्याकडे इंजिनं सर्रास बदलली जातात. एक बसलं की मिळेल ते दुसरं चढवायचं, पुली जुळवायची आणि पुढचा हंगाम काढायचा. त्यामुळे इंजिनावर एखादं नाव सापडलं तरी सगळं यंत्र त्याच कंपनीचं धरून चालू नका.

आधी यंत्र धुवा. डिझेल आणि तारेचा ब्रश पुरे. ग्राइंडर लावू नका, ठोकलेले नंबर त्यात कायमचे जातात. गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना ओतकामातली उठावाची अक्षरं बघा. मग इंजिन ज्या फ्रेमवर बसतं तिथे आणि हँडलच्या बुडाशी ठोकलेला नंबर शोधा. रंगावर भिस्त ठेवू नका, तो कुणीही मारतो. फक्त पुलीच्या मागे किंवा टाकीखाली मूळ रंगाचा थर राहिलेला असतो, तेवढाच खरा.

मग पाती बघा. पातं लांबट, वळलेलं, आणि एकेका कप्प्यात एका बोल्टवर बसवलेलं असेल तर यंत्र जपानी घराण्यातलं. पातं इंग्रजी एल आकाराचं आणि गोल चकतीवर दोन बोल्टनी कसलेलं असेल तर ती हॉवर्डची पद्धत. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी 1912 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्राजवळ वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले. पहिल्या रचनेत माती बाजूला उडायची, ती अडचण एल आकाराच्या पात्याने सुटली. त्यांनी 1920 मध्ये पेटंट घेतलं आणि पुढे इंग्लंडमध्ये कारखाना काढला. ट्रॅक्टरमागच्या आजच्या रोटाव्हेटरवर दिसतं ते हेच पातं. मात्र पाती बदललेली असू शकतात, म्हणून पात्यापेक्षा ते बसवायची जागा कशी आहे ते बघा.

तिसरी खूण पान्याची, आणि माझा सर्वात जास्त भरवसा तिच्यावर आहे. 8 मिमीच्या मूळ बोल्टला 12 चा पाना बसला तर जपानी माप. 13 चा बसला तर तो बोल्ट बहुतेक नंतर बाजारातून आणून टाकलेला. गिअरबॉक्सच्या झाकणाच्या बोल्टला मिलिमीटरचा एकही पाना नीट बसत नसेल, तर जुनं इंग्लिश यंत्र असण्याची शक्यता धरा.

तुमच्या वर्णनावरून मला जपानी घराणंच वाटतं. आपल्या देशात अशी यंत्रं मुख्यतः दोघांनी बनवली: बंगळुरूची व्हीएसटी, स्थापना 1967, मित्सुबिशीच्या सहकार्याने, आणि केरळमधल्या अथाणीची सरकारी कॅमको, 1973 पासून, कुबोटाच्या तंत्रावर. ओतकामात मित्सुबिशी किंवा शक्ती वाचता आलं तर व्हीएसटी, इंजिनावर ईआर 90 दिसलं तर ते इंजिन कॅमकोचं. दोन्हीचे सुटे भाग आजही मिळतात. आणखी एक करा, आजोबांची ट्रंक उघडा. त्या काळी असं यंत्र बहुधा बँकेच्या कर्जावरच घेतलं जायचं. कर्जप्रकरणाच्या कागदांत कंपनी, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर लिहिलेले असतात.

समजा नाव सापडलंच नाही. तरीही यंत्र चालू करता येतं. बेअरिंगवर त्याचा नंबर कोरलेला असतो. 6205 म्हणजे आतून 25, बाहेरून 52 आणि रुंदीला 15 मिमी, मग यंत्र कुणाचंही असो. ऑइल सीलवरही, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीवरही, अशीच तीन मापं असतात. हे आकडे लिहून न्या, जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या बेअरिंगच्या दुकानात कुणी कंपनीचं नाव विचारणार नाही. अडतं ते गिअर आणि शाफ्टपाशी. तिथे नाव लागतं, नाहीतर चांगला लेथवाला.

म्हणून पहिला निकाल गिअरबॉक्सचा. खालचा बोल्ट काढून तेल भांड्यात घ्या. दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, बेअरिंग बदलायची तयारी ठेवा. लोखंडाचे तुकडे निघाले तर दात तुटलाय. रोटरच्या, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या भागाच्या, शाफ्टवर ऑइल सीलपाशी नक्की बघा, तिथे ठिबकच्या नळीचे तुकडे आणि सुतळी गुंडाळून घट्ट बसलेली असते. तीच सील कापते, मग तेल गळतं आणि काळी माती आत जाते. आपल्या भागातले निम्मे गिअरबॉक्स याच कारणाने गेलेले मी बघतो. शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडली असेल तर नुसती नवी सील टिकत नाही, शाफ्ट वेल्डिंगने भरून लेथवर टर्निंग करून घ्यावा लागतो. बेअरिंगच्या बैठकीतून चीर गेली असेल तर मात्र खर्च करू नका. ओतीव लोखंडाचं ते वेल्डिंग भारावर टिकत नाही.

जाम इंजिनाला हँडल मारून जबरदस्ती करू नका. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल काढा, त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल सारखं मिसळून ओता, काही दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हील हाताने पुढे-मागे हलवा. पूर्ण फेरा मारायची घाई नको, आधी ते जरासं हललं पाहिजे. सुटलं की जुनं तेल काढा, टाकी धुवा, डिझेल फिल्टर नवा टाका, पाण्याच्या कप्प्यातला गाळ काढा.

चालू करण्याआधीची एक गोष्ट मनापासून सांगतो. पडून राहिलेल्या डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी, भरपूर डिझेल सोडण्याच्या जागी अडकलेला असू शकतो. तसं इंजिन चालू झालं की वेग वाढतच जातो, थांबत नाही. बंद करायचा लिव्हर पंपापर्यंत मोकळा सरकतो का ते डोळ्यांनी पाहा, आणि पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनर काढून हवेच्या तोंडावर दाबायला सपाट लाकडी फळी हाताशी ठेवा. हात किंवा फडकं तिथे लावू नका. पट्टा उतरवून ठेवा. इंजिन फिरवायचं हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच असू द्या, उलटा झटका बसला तर मनगट वाचतं.

पाती बदलायची तर पूर्ण संच घ्या, डावी-उजवी ओळखून. लोहाराकडून ट्रकच्या पाट्याची पाती करून घेतात, पण तापवून पाणी नीट दिलं नाही तर ती एकतर वाकतात, नाहीतर दगडावर तुटून उडतात. रोटरवरचं झाकण नसेल तर आधी ते बनवून घ्या. मागे घेताना रोटर बंद, गुंडाळलेलं गवत काढताना इंजिन बंद.

आणि मोसंबीत चालवताना खोली दोन-तीन इंचांच्या वर नेऊ नका. मागच्या चाकाने ती आधीच बांधून घ्या. मोसंबीची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. ती तुटली की झाड खंगतं, आणि जखमेतून मूळकूज आणि डिंक्याची (खोडातून डिंक गळतो त्या रोगाची) बुरशी शिरते. खोडाजवळ आळ्यात रोटाव्हेटर नेऊच नका, तिथे खुरपं. मधल्या पट्ट्यात मात्र हे यंत्र छान काम देईल, कारण फांद्यांखाली मोठा ट्रॅक्टर जात नाही तिथे हे जातं. गिअरबॉक्स उघडल्यावर ओतकामातली अक्षरं आणि बेअरिंगचे नंबर इथेच लिहा, कोणता भाग कुठला लागेल ते मी सांगतो.