एका भांड्यातलं बीफ, दोन चवींची जेवणं

मेलबर्नहून एका वसईकर ताईंचं पत्र आलं आहे. नवराबायको दोघंही नोकरीला, घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजतात. मुलांनी मित्राच्या घरी मऊसूत बीफ, ग्रेव्ही आणि कुस्करलेला बटाटा खाल्ला, तेव्हापासून तेच हवं म्हणून हट्ट चालला आहे. सासूबाई वसईहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत आणि त्यांना ते आजाऱ्याचं जेवण वाटतं. ताईंनी स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, आणला, पण पहिल्या खेपेला मांस चिवट राहिलं, दुसऱ्या खेपेला भांडंभर पाणी झालं. सकाळी घातलेला बॉटल मसाला, म्हणजे वसईकडच्या ख्रिस्ती घरांत बाटल्यांत भरून ठेवतात तो वर्षाचा मसाला, संध्याकाळी जिभेला लागलाच नाही. दमून घरी आल्यावर दोन वेगळे स्वयंपाक करायचे का, असं त्या विचारतात.

ताई, मुळीच नाही. सकाळी मांस फक्त शिजत ठेवायचं, चव संध्याकाळी द्यायची. एवढं पाळलंत तर त्याच भांड्यातून मुलांची ग्रेव्ही निघेल आणि सासूबाईंचं झणझणीत कालवणही.

मांस चिवट राहण्याची कारणं दोन असू शकतात. पहिलं म्हणजे तुकडा. दुकानात बिनचरबीचा, गुळगुळीत, महाग तुकडा बघून आपल्याला वाटतं की हाच चांगला. तव्यावर झटपट भाजायला तो चांगलाच, पण आठ तास शिजवला की कोरडा पडून त्याचे दोरे होतात. इथे लागतो तो जनावराने दिवसभर वापरलेला भाग, म्हणजे खांदा, मान, पायाची पोटरी. त्यात पांढऱ्या शिरा आणि पडदे असतात. त्यातलं कोलॅजन हे चिवट प्रथिन ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळतं, त्याचं जिलेटिन होतं, आणि रश्श्याला जो ओठाला चिकटणारा दाटपणा येतो तो त्याचाच. ऑस्ट्रेलियात पोटरीचं मांस ‘ग्रेव्ही बीफ’ या नावानेच मिळतं, खांद्याचं ‘चक’ किंवा ‘ब्लेड’ म्हणून. ब्रिटनमध्ये ‘शिन’ किंवा ‘ब्रेझिंग स्टेक’ मागा, अमेरिकेत ‘चक रोस्ट’. हे तुकडे बहुतेक ठिकाणी स्वस्तही पडतात.

दुसरं कारण घाई. दोनतीन तासांनी झाकण उघडून तुकडा दाबून पाहिलात तर तो चामड्यासारखा लागेल. त्या वेळी स्नायू आक्रसलेले असतात आणि कोलॅजन अजून सुटलेलं नसतं. तिथे बिघडलं म्हणून हार मानू नका. दीड किलोचा अखंड तुकडा असेल तर ‘लो’वर आठ ते नऊ तास धरा, ‘हाय’वर पाच ते सहा. काटा मधोमध खुपसून थोडा फिरवा. धागे आपोआप सुटे झाले तर झालं, काटा अडला तर आणखी तासभर. आणि झाकण सारखं उघडू नका. दर वेळी कोंडलेली वाफ निघून जाते आणि शिजण्याची वेळ वीस-तीस मिनिटांनी वाढते.

आता पाण्याचं. आपल्या हाताला कुकरची आणि पातेल्याची सवय आहे, म्हणून आपण मांस बुडेल इतकं पाणी ओततो. स्लो कुकरमधून वाफ जवळजवळ बाहेर जात नाही, झाकणाला लागून पुन्हा आत ठिबकते. शिवाय मांस आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात. दीड किलोला एक कप, म्हणजे २५० मिलिलिटर पाणी किंवा स्टॉक पुरतो. सकाळी ते कमी दिसेल, तरी वाढवू नका.

तुमच्या सासूबाईंची तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही आहे, त्यामुळे त्यांच्या हाताखालून इतकी वर्षं गेलं ते म्हशीचं मांस. ते जास्त लालभडक, चरबीला कमी आणि चवीला उग्र असतं, भरपूर मसाला पचवतं. तिकडच्या अंदाजाने इथलं चरबीदार बीफ केलं की वर तेलाचा थर येतो आणि मसाला त्या थराखाली दबून जातो. म्हणून चरबी काढणं हे इथलं जास्तीचं काम आहे. ते पुढे सांगते.

आदल्या रात्रीची तयारी दहा मिनिटांची. तीन मोठे कांदे जाड उभे चिरा, लसणाच्या सातआठ पाकळ्या सोला, गाजरं मोठी कापा आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. मांसाला मीठ आणि भरडलेली मिरी चोळून ते दुसऱ्या डब्यात ठेवा. कच्चं मांस आणि भाज्या रात्रभर एकत्र ठेवायच्या नाहीत. स्लो कुकरचं चिनी मातीचं भांडंही भरून फ्रिजमध्ये ठेवू नका, गार भांडं एकदम तापलं की तडकतं. फ्रीझरमधलं मांस असेल तर ते आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या. दोन किलोच्या गोळ्याला साधारण एक दिवस लागतो. गोठलेलं मांस थेट स्लो कुकरमध्ये घालायचं नाही, कारण ते फार वेळ कोमट राहतं आणि ५ ते ६० अंशांच्या मधल्या उबेत जंतू वेगाने वाढतात. त्याच कारणाने, सकाळी भांडं भरून ‘दुपारी बाराला सुरू हो’ असा टायमर लावून जाऊ नका. सुरुवात लगेच करा आणि शिजून झाल्यावर आपोआप ‘वॉर्म’वर जाणारा कुकर असेल तर उत्तम. तुमच्यासारख्या दहा-साडेदहा तास बाहेर असणाऱ्या घराला ती सोय असलेलाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. वीज फार लागत नाही. साधारण २०० वॅटचा कुकर आठ तासांत दीड युनिटच्या आसपास घेतो.

सकाळी वेळ असेल तर मांस तव्यावर चमचाभर तेलात सगळ्या बाजूंनी तांबूस करून घ्या. रस आत कोंडला जातो म्हणून हे करतात असं सांगतात, ते खरं नाही. फायदा रंगाचा आणि खमंगपणाचा आहे. वेळ नसेल तर सोडून द्या, पण मग कांदा तरी आदल्या रात्री परतून ठेवा. भांड्यात तळाला गाजर आणि बटाटा, कारण कंदमुळं मांसापेक्षा हळू शिजतात, त्यावर कांदा-लसूण, त्यावर मांस, दोन तमालपत्रं, चारपाच मिरे, कपभर पाणी. बस. हळद नाही, मसाला नाही. भांडं निम्म्यापेक्षा कमी किंवा दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

एक इशारा इथेच देते, कारण आपल्याकडे एकाच भांड्यात कडधान्य टाकायचा मोह होतो. भिजवलेला कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये कधीही घालू नका. त्यातलं लेक्टिन हे विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही, आणि ओकाऱ्या-जुलाब होतात. आधी वेगळ्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळलेला किंवा डब्यातला शिजवलेलाच घाला.

संध्याकाळी घरी आलात की मांस अलगद ताटात काढा आणि वर झाकण ठेवा. रस गाळून उभट भांड्यात पाच मिनिटं ठेवा. चरबी वर तरंगते, पळीची कड पृष्ठभागाशी टेकवून ती काढून घ्या. टाकू नका, दोन चमचे फोडणीला लागणार आहेत. आता रसाचे आणि मांसाचे दोन भाग करा.

मुलांसाठी : गाळणीत राहिलेला मऊ कांदा-लसूण निम्मा घेऊन त्यांच्या रसात ब्लेंडरने फिरवा. ग्रेव्हीला अर्धा दाटपणा तिथेच येतो. मग पातेल्यात उकळी आणा. अर्ध्या लिटर रसाला दीड-दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर तीन चमचे गार पाण्यात कालवून ओता, दोन मिनिटं ढवळत शिजवा. अमेरिकेत पाकिटावर कॉर्नस्टार्च लिहिलेलं पाहून घ्या. चमचाभर सोया सॉस आणि ताजी मिरी, मीठ चाखून. बाजारी ग्रेव्हीची पूड आणि स्टॉकच्या वड्या आधीच खारट असतात आणि कितीतरी ब्रँडच्या पुडीत गहू असतो, तेव्हा घरात कुणाला ग्लुटेन चालत नसेल तर पाकीट वाचा.

सासूबाईंसाठी : काढलेल्या चरबीत किंवा तेलात एक कांदा चांगला लाल होईपर्यंत परता, ठेचलेला लसूण घाला. आच मंद करा आणि दोनतीन छोटे चमचे बॉटल मसाला घालून लगेच पळीभर रस ओता, नाहीतर मसाला जळून कडू होतो. तेल बाजूला सुटलं की मांसाचे तुकडे आणि उरलेला रस घाला, चमचाभर व्हिनेगर, आणि झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं उकळू द्या. सकाळचा मसाला लागत नव्हता तो याचमुळे. मसाल्याचा सुवास तेलात खुलतो, आणि आठ तास पाण्यात उकळल्यावर त्यातला बराचसा उडून जातो. अधिक दाट हवं असेल तर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटण फोडणीतच घाला. नारळाचं दूध घालणार असाल तर अगदी शेवटी, नाहीतर ते फाटतं. यासोबत तांदळाची भाकरी किंवा पाव. रविवारी सासूबाईंच्या हातचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, झाले तर मुलं कुस्करलेला बटाटा विसरतील असं मला वाटतं.

बॉटल मसाल्याबद्दल दोन गोष्टी. बऱ्याच घरांच्या मसाल्यात भाजलेले गहू आणि हरभरे कुटलेले असतात. रस्सा त्यामुळेही दाटतो, पण ग्लुटेन न चालणाऱ्या पाहुण्याला आधी सांगा. दुसरं, पुढच्या खेपेला उन्हाळ्यात कुटलेला मसाला सासूबाई सोबत आणणार असतील तर ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवेश कार्डावर तो जाहीर करायलाच हवा. घट्ट बंद, स्वच्छ, पूड केलेला असावा. लपवून आणला तर दंड होऊ शकतो, आणि वर्षभराचा मसाला हातचा जाईल.

हे सदर वाचणाऱ्या अनेक घरांत बीफ शिजत नाही. त्यांनीही हीच रीत वापरावी. बोकडाचं किंवा लँबचं खांद्याचं मांस घ्या, लँब असेल तर ‘लो’वर सहा-सात तासांत होतं. बीफ खाणाऱ्या घरांना माझी विनंती अशी, की शेजारची मराठी मंडळी जेवायला येणार असतील तर आमंत्रण देतानाच सांगा आणि त्यांच्यासाठीचं वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने करा. ताटावर बसल्यावर विचारण्याची वेळ कुणावर येऊ नये. कोकणी मुसलमान घरांत हलाल दुकानातून मांस घेतलं तरी स्टॉकच्या वड्या आणि वाइन घातलेले तयार सॉस तपासावे लागतात. इस्रायलमधल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरांत मांस आणि दूध एकत्र करत नाहीत, म्हणून ग्रेव्हीत लोणी किंवा क्रीम जाणारच नाही, तिथे कांदा-खोबऱ्याचं वाटण किंवा नारळाचं दूध हेच कामाचं.

जाता जाता, या यंत्राची मुळंही एका आईच्या सांगण्यात आहेत. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं. त्यांच्या आईच्या लिथुआनियातल्या लहानपणी शनिवारच्या शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, शुक्रवारी भांडं भरून बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवायचे, त्या चोलंट नावाच्या कालवणाबद्दल आईने त्यांना सांगितलं होतं. १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ नावाने ते बाजारात आलं. सासूबाईंना हे सांगून पाहा. निवत्या चुलीवर ठेवलेलं भांडं त्यांना परकं वाटणार नाही.

उरलेलं जेवण दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा. अखंड खोल भांडं तसंच ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. अमेरिकेतल्या सूचनेप्रमाणे ते तीनचार दिवस टिकतं, ब्रिटनमध्ये दोनच दिवस सांगतात. मी दोनच धरते, बाकीचं फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी रस गोठून थरथरणारी जेली झालेली दिसेल, ते बिघडलेलं नाही, ते जिलेटिन आहे. गरम मात्र गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण वाफाळेपर्यंत करा, स्लो कुकरमध्ये नाही. मसाल्याच्या बाजूचं मांस उरलं असेल तर रस आटवून ते बारीक कुस्करा, उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरा, अंड्यात आणि रव्यात घोळवून तळा. पोटॅटो चॉप मुलांच्या डब्यात जातील, आणि एक दिवसाचा स्वयंपाक वाचेल.